माथा सोडा, उतार धरा: जंगलातल्या आलिशान लॉजची रचना

तुमचा प्रश्न असा आहे. जंगलाला लागून उताराची जमीन आहे. तळाला हंगामी ओढा, मधल्या टप्प्यात दाट झाडी, वर उघडा माथा. तिथे 12 खोल्यांचा आलिशान लॉज बांधायचा आहे. आर्किटेक्टने मुख्य इमारत माथ्यावर दाखवली आहे. भिंती दगडी, छप्पर गवती, आणि प्रत्येक खोलीपुढे पोहायला स्वतंत्र छोटा हौद. हे सगळं निसर्गात मिसळेल का, आणि मिसळायचंच ठरवलं तर ऐषारामाला किती कात्री लागेल?

आधी माझं मत सांगतो. दगड आणि गवत वाईट नाही, पण त्यांच्या जोरावर लॉज मिसळत नाही. इमारत कुठे बसवली, तिथवर माणसं आणि सामान कसं पोचतं, पाणी कुठून येतं नि कुठे जातं, रात्री किती उजेड बाहेर सांडतो, यातच बहुतेक निकाल लागून जातो. साहित्याचा नंबर त्यानंतर. तुमच्या आराखड्यातली मोठी अडचण माथ्याची आहे, आणि ती गवताखाली झाकली जाणार नाही.

श्रीलंकेतलं कंदलमा हॉटेल हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. मालकांच्या मनात सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकाजवळची जागा होती. आर्किटेक्ट जेफ्री बावांनी ती नाकारली, हेलिकॉप्टरमधून परिसर पाहिला आणि बऱ्याच अंतरावरचा, तलावाच्या वरचा खडकाळ कडा निवडला. 1994 मध्ये हॉटेल उघडलं. दीडशेहून जास्त खोल्या, लांबी जवळपास एक किलोमीटर, आणि सांगाडा चक्क काँक्रीटचा. तरीही लांबून ते शोधावं लागतं. ते कड्याच्या वळणाने वळतं, खांबांवर उभं असल्याने वरून येणारं पावसाचं पाणी त्याच्या खालून निघून जातं, सपाट छतांवर झाडोरा आहे आणि बाहेरच्या लाकडी चौकटींवर वेली चढल्या आहेत. सिगिरियाचा खडक पाहुण्याला दिसतो तो तलावापलीकडे, क्षितिजावर. खडकाच्या पायथ्याशी हॉटेल झालं असतं तर खडक पाहणाऱ्या प्रत्येकाला हॉटेलही पाहावं लागलं असतं. या कामालाही सुरुवातीला स्थानिकांचा मोठा विरोध झाला होता, हेही लक्षात ठेवा. सुंदर आराखडा हाती असला म्हणून लोकांची शंका आपोआप फिटत नाही.

माथ्यावरची इमारत आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते. डोळा आकाश आणि जमीन यांची सीमारेषा सर्वांत आधी पकडतो, त्यामुळे तिथला लहानसा कोनही कित्येक किलोमीटरवरून टोचतो. तीच इमारत पंधरा-वीस मीटर खाली घ्या, म्हणजे तिच्या मागे आकाशाऐवजी झाडी येईल. देखावा जवळपास तोच राहतो, वारा कमी लागतो आणि रस्ताही छोटा होतो. हे कागदावर पटत नसेल तर जागेवर करून पाहा. नियोजित छपराच्या उंचीइतके बांबू रोवा, टोकांना रंगीत फडकी बांधा, आणि समोरचा रस्ता, पलीकडची टेकडी, ओढ्याचं पात्र अशा ठिकाणांहून बघा. जिथून फडकं आकाशात दिसेल तिथली इमारत खाली सरकवा किंवा बुटकी करा. संगणकावरच्या देखण्या चित्रात हे कधीच कळत नाही, कारण त्या चित्रातला कॅमेरा नेहमी सोयीच्या जागी उभा असतो. तुमच्या आर्किटेक्टकडे चित्रांऐवजी उताराचे छेद मागा, दर दहा मीटरवर एक. किती ठिकाणी डोंगर कापावा लागणार आणि किती ठिकाणी भराव घालावा लागणार, ते त्यात लपत नाही.

उतारावर सपाटी करून बांधायचा मोह सगळ्यांनाच होतो. एकदा सपाटी केली की मागे माती अडवणारी धारक भिंत येते, भिंतीमागे पाणी तुंबू नये म्हणून निचऱ्याची चर येते, चरीचं पाणी एका ठिकाणी सुटलं की तिथे ओघळ पडते. खांबांवर उचललेली खोली ही सगळी साखळी टाळते. नॉर्वेतल्या युवेत लँडस्केप हॉटेलमध्ये आर्किटेक्ट येन्सेन आणि स्कोडविन यांनी सुट्या छोट्या खोल्या खडकात बसवलेल्या 40 मिलिमीटर जाडीच्या पोलादी गजांवर ठेवल्या आहेत. सुरुंग लावला नाही, जमीन सपाट केली नाही. एका खोलीतून दुसरी दिसू नये असा प्रत्येकीचा कोन. आतल्या लाकडाला काळसर रंगद्रव्य मिसळलेलं तेल दिलं आहे, म्हणजे काचेत खोलीचं प्रतिबिंब कमी पडतं आणि नजर बाहेर जाते. ही शेवटची युक्ती कुठेही वापरता येते. पांढऱ्या भिंती आणि भरपूर दिवे असलेल्या खोलीतून संध्याकाळी बाहेरचं काही दिसत नाही, काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो.

मातीची जमीन असेल तर जमिनीत पिळून बसवायचे स्क्रू-पाइल किंवा हाताने खणलेले सुटे पाये पुरतात. इथे झाडांचा प्रश्न येतो. झाड वाचवायचं म्हणजे खोड वाचवायचं अशी बहुतेकांची समजूत असते, पण झाड मरतं ते मुळांवर माती दाबली गेल्याने. बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटीमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. व्यवहारात वापरला जाणारा हिशेब सोपा आहे: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याची बारा पट करा, तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात ना खोदकाम, ना भराव, ना वाहन. 60 सेंटीमीटर व्यासाच्या झाडाला ही त्रिज्या 7.2 मीटर येते. तुमच्या मधल्या टप्प्यातल्या सगळ्या मोठ्या झाडांभोवती अशी वर्तुळं काढली की खोल्यांसाठी उरणारी जागा आपोआप नकाशावर दिसू लागते. मी तरी आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी हेच करतो. कॅलिफोर्नियाच्या बिग सर किनाऱ्यावर 1992 मध्ये उघडलेल्या पोस्ट रँच इनमध्ये आर्किटेक्ट मिकी म्युनिग यांनी काही खोल्या उंच खांबांवर घेतल्या, त्या रेडवुड झाडांची मुळं दुखावू नयेत म्हणूनच.

आता ज्या भागाकडे मालकाचं लक्ष सहसा जात नाही तो: मागची बाजू. 12 आलिशान खोल्या म्हटल्या की एका खोलीमागे दोन-तीन कर्मचारी सहज लागतात. त्यांची निवास व्यवस्था, स्वयंपाकघर, धुलाई, कोठार, कचरा वेगळा करायची जागा, इंधन, बॅटऱ्या, वाहनतळ, कार्यशाळा. हे क्षेत्रफळ पाहुण्यांच्या भागाइतकं किंवा जास्तही होतं. तुमच्या आराखड्यात यासाठी मुख्य इमारतीमागे एक चौकोन आहे आणि त्यावर ‘सर्व्हिस’ लिहिलं आहे. दोन वर्षांत त्या चौकोनाभोवती पत्र्याच्या शेड उभ्या राहतील. हा भाग सार्वजनिक रस्त्याच्या बाजूला, आधीच तुडवल्या गेलेल्या जमिनीवर नेऊन ठेवा आणि पाहुण्यांच्या खोल्यांइतक्याच काळजीने त्याची रचना करा. कर्मचाऱ्यांच्या खोल्यांना सावली, वारा आणि एकांत द्या. ही चैन नव्हे. आडरानात टिकणारी माणसं त्यावरच टिकतात.

जनरेटरचं अंतर डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. आवरण घातलेला जनरेटर 7 मीटरवर 70 डेसिबल करत असेल तर 112 मीटरवर 46 आणि 448 मीटरवर 34 उरतात. शांत जंगलात रात्री पार्श्वभूमीचा आवाज 30 डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी असू शकतो. म्हणजे अर्धा किलोमीटर लांब ठेवूनही घरघर कानावर येऊ शकते. उपाय एकच: रात्रभराचा भार बॅटरीवर बेतायचा आणि जनरेटर लागलाच तर दिवसा चालवायचा. सौर पॅनेल प्रत्येक छपरावर विखुरण्यापेक्षा सेवा-भागातल्या उघड्या जागेत एकत्र लावा. झाडीतल्या छपरांवर ऊन पुरेसं नसतं, आणि पॅनेलसाठी मग फांद्या छाटल्या जातात.

भार कमी करणं हे मुख्यतः छपराचं काम. दुहेरी छप्पर, मधून वाहणारी हवा, खोल पडवी, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या. एवढ्यानंतरही वातानुकूलन हवं असेल तर पूर्ण खोली थंड करू नका. पलंगाभोवती जाळी-पडद्यांचा बंदिस्त कक्ष करून तेवढीच हवा थंड करता येते.

खोल्या किती विखुराव्यात यावर मतभेद आहेत. एकांतासाठी प्रत्येक खोली दूर हवी असं पाहुणा म्हणतो. पण दोन खोल्यांत 40 मीटर धरले तर 12 खोल्यांसाठी जवळपास अर्धा किलोमीटर वाट, तेवढीच जलवाहिनी, मलवाहिनी आणि केबल. प्रत्येक चर मुळं तोडत जाते. मी तीन-चार खोल्यांचे झुबके करतो. झुबक्यात खोल्यांचे कोन फिरवले आणि मधे मूळची झुडपं शाबूत ठेवली तर वीस-पंचवीस मीटरवरही शेजारी जाणवत नाही. नळ आणि केबल लाकडी पायवाटेच्या खाली लटकवून न्या, म्हणजे चर खणावीच लागत नाही आणि गळती लगेच दिसते. पायवाटेवर पावसाळ्यात शेवाळ धरतं. फळ्यांवर बारीक जाळी ठोकल्याशिवाय ती उघडू नका.

आणि पायवाट टाकण्याआधी जनावरांच्या वाटा शोधा. माग, विष्ठा, घासलेली खोडं, कॅमेरा-ट्रॅपमधले (जनावर आलं की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यातले) फोटो, हे सगळं निदान एक कोरडा आणि एक ओला हंगाम पाहायला हवं. झांबियातल्या साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानातल्या म्फुवे लॉजमध्ये हत्तींचा एक कळप आवारातल्या रानआंब्याकडे जायला स्वागतकक्षातूनच चालत जातो. पर्यटकांना याचं फार कौतुक आहे, आणि फोटोही छान येतात. माझ्या मते हत्तींनी इमारतीला वळसा घालायचं नाकारलं एवढाच त्याचा अर्थ. सगळी जनावरं इतकी ठाम नसतात. बुजरी जनावरं वाट सोडतात, आणि ज्या ओढ्यासाठी तुम्ही ही जागा घेतली तिथे येणं बंद करतात. म्हणून ओढ्याच्या दोन्ही काठांवर निदान 30 मीटरचा पट्टा मोकळा ठेवा, कुंपण टाळा, आणि वाट ओलांडायच्या ठिकाणी पायवाट उंच करा किंवा तोडा. जनावरं दिसावीत म्हणून व्हरांड्यासमोर कृत्रिम पाणवठा करायची कल्पना बहुधा कोणीतरी सुचवेलच. अशा पाणवठ्याभोवतीचं गवत खुरांखाली संपतं आणि काही वर्षांत समोर उघडी माती उरते.

आता हौद. 3 मीटर बाय 4 मीटर, खोली 1.2 मीटर धरली तर एका हौदात 14,400 लिटर पाणी बसतं. बारा हौदांचं 1,72,800 लिटर. दिवसाला 5 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर एका हौदातून रोज 60 लिटर उडून जाणार. ओढा हंगामी आहे, म्हणजे हे पाणी बोअरमधून येणार, आणि बोअर ज्या भूजलातून ओढते त्यातूनच ओढ्यातले डोह उन्हाळ्यात टिकतात. शिवाय क्लोरीनचं पाणी ओढ्यात सोडता येत नाही. बारा पंप, बारा गाळण्या, बारा ठिकाणी गुणगुण. त्याऐवजी उताराच्या एका नैसर्गिक खोलगटीत सगळ्यांसाठी मिळून एक तलाव करा, ज्याचं पाणी वनस्पती आणि वाळूच्या गाळणीतून फिरतं. प्रत्येक खोलीला हवंच असेल तर आकाशाखालचा शॉवर द्या. पाहुण्यांना तोच जास्त आठवतो, असा माझा अनुभव आहे. शॉवरचं पाणी वेगळ्या नळीने नेऊन लव्हाळ्यांच्या गाळणीत घाला. मैलापाणी मात्र वेगळं ठेवा. त्याच्या शुद्धीकरणाची जागा बोअरच्या खालच्या बाजूला आणि ओढ्यापासून दूर हवी.

रात्रीच्या उजेडाबाबत मी हट्टी आहे. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड जमिनीवर जेमतेम पाव लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो आणि त्यात माणूस सहज चालतो. तरी पायवाटांवर त्याच्या कित्येक पट उजेड मागितला जातो. गुडघ्याखालचे, पूर्ण झाकलेले, फक्त जमिनीवर पडणारे, 2200 केल्व्हिनच्या (दिव्याच्या रंगछटेचं माप) आसपासचे पिवळट दिवे आणि माणूस आल्यावरच लागणारा सेन्सर एवढं पुरतं. पांढऱ्या-निळसर दिव्याकडे कीटक झुंडीने येतात, मग त्यांच्यामागे बेडूक, त्यांच्यामागे साप, आणि तेही नेमके पाहुण्याच्या पायरीपाशी. झाडांवर खालून झोत टाकणारे दिवे तर यादीतून काढूनच टाका.

काचेबद्दल थोडंसं. स्वीडनमध्ये 2010 पासून झाडावर एक चार मीटरचा आरसेदार घन आहे, ट्रीहोटेलचा. मिसळण्याचं उदाहरण म्हणून त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. तिथे पक्षी आदळू नयेत म्हणून काचेत खास थर दिला आहे. हा तपशील विसरून लोक फक्त आरसा उचलतात. झाडं प्रतिबिंबित करणारी काच पक्ष्याला झाडच वाटते. मोठी काच पडवीच्या खोल सावलीत घ्या, किंवा तिच्या बाहेरच्या बाजूला एकमेकांपासून साधारण 5 सेंटीमीटर अंतरावरच्या ठिपक्यांची नक्षी द्या.

मग दगड, गवत आणि रंग. झाडीच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक सावल्या असतात. सपाट भिंतीवर नसतात. म्हणून भिंतीला आसपासच्या झाडीचा नेमका तोच रंग दिला तरी ती उजळ दिसते. एक-दोन छटा गडद घ्या. मीटरभर लांब-रुंद फळ्या रंगवून जागेवर टांगा आणि अर्ध्या किलोमीटरवरून सकाळी, दुपारी, दोन्ही ऋतूंत पाहा. हिरवा रंग सहसा फसतो, कारण झाडी वर्षभर एकाच हिरव्या रंगाची नसते; मातकट, राखाडी, करडा चालतो. लाकूड उघडं ठेवलं तर राखाडी पडतं, पण छज्ज्याखाली वेगळं आणि उन्हापावसात वेगळं. ते डाग आवडणार नसतील तर आधीच ठरवा. दगड जवळच्या खाणीचा असेल तरी तो जागेवरच्या खडकाच्या थरांप्रमाणे आडवा रचा.

गवती छपराला माझा विरोध आगीमुळे आहे. जंगलाला लागून, उतारावर, झाडीत. वणवा चढावर वेगाने येतो, आणि इमारती बहुधा ज्वाळेने पेटण्याआधी वाऱ्याने उडालेल्या निखाऱ्यांनी पेटतात. ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावरचा सदर्न ओशन लॉज 2008 पासून समुद्राच्या कड्याला धरून वसला होता. जगभर वाखाणलेली रचना. जानेवारी 2020 च्या वणव्यात तो जळाला. तो पुन्हा बांधून उघडायला डिसेंबर 2023 उजाडला. ऑस्ट्रेलियातल्याच उलुरू या खडकाजवळच्या लाँगिट्यूड 131 या तंबूवजा लॉजचंही 2003 मध्ये असंच झालं. मिसळणं आणि आगीपासून बचाव यांत खराच ताण आहे: भिंतीला टेकलेली झाडी दिसायला हवीहवीशी, आणि आगीला तर त्याहून हवीहवीशी. माझी तडजोड अशी. भिंतीपासून दीड मीटर फक्त दगड, खडी, माती. पुढे 9-10 मीटरपर्यंत विरळ, हिरवी, खालच्या फांद्या छाटलेली झाडं. त्यापुढे 30 मीटरपर्यंत सुकं गवत आणि पडझड दर हंगामात काढायची. छप्पर न जळणाऱ्या साहित्याचं, गडद, झगमग नसलेलं. हवेच्या झरोक्यांना 3 मिलिमीटरची धातूची जाळी. सामायिक तलावाला अग्निशमन पंपाची जोडणी. आणि बाहेर पडायचे दोन रस्ते. तुमच्या आराखड्यात एकच आहे.

लॉज दिसूच नये, हा हट्ट मात्र धरू नका. कॅनडातलं फोगो आयलंड इन, टॉड सॉन्डर्स यांची 2013 ची रचना, उघड्या खडकावर पांढरंशुभ्र उभं आहे आणि तरी तिथलंच वाटतं, कारण ते किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या जुन्या लाकडी बांधकामांसारखं खांबांवर पाय रोवतं. झाडी नसलेल्या जागी लपायला जाणं हास्यास्पद दिसतं. तुमच्याकडे झाडी आहे, तर तिचा आसरा घ्या.

चांगला आराखडाही बांधकामात हरतो. पहिलं यंत्र येण्याआधी झाडांच्या वर्तुळांभोवती भक्कम कुंपण घाला. खोल्यांच्या हद्दीबाहेर तीन मीटरपलीकडे कोणीही जायचं नाही. सिमेंटचं कालवण धुवायची एकच ठरलेली जागा हवी, कारण ते पाणी मातीला जाळतं. वरची सुपीक माती वेगळी रचा, ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर तळची माती गुदमरते. लावायची रोपं बाहेरच्या रोपवाटिकेतून आणण्याऐवजी जागेवरच्याच बियांपासून दोन वर्षं आधी तयार करायला घ्या. झाड मेलं तर कंत्राटदाराला किती दंड, हे करारात आकड्यासह लिहा. खांब आणि तुळयांची लांबी, दोन-चार माणसांना उचलता येईल इतकी, आर्किटेक्टनेच बांधून दिली तर क्रेनसाठी रस्ता कापावा लागत नाही.

ऐषारामाला कात्री लागेल का, तर लागेल: बारा हौद जातील, माथ्यावरची जेवणाची खोली जाईल, दारापर्यंत गाडी जाणार नाही. माथा मोकळा राहिला तर तिथे सूर्यास्ताला चालत जाण्याची जागा होते, बारा खोल्यांची मिळून एक. त्यातून वाचणारा पैसा उत्तम गाद्या, गरम पाण्याचा जोरदार दाब, उत्तम स्वयंपाकी आणि जंगल जाणणारे वाटाडे यांवर घाला.

पुढच्या महिन्यात करायचं ते एवढंच. जमिनीच्या नकाशावरचे कंटूर (समान उंचीच्या रेषा) 1 मीटरऐवजी अर्ध्या मीटरचे मागवा, झाडांची व्यासासह मोजणी करून घ्या, बांबू रोवा, आणि एक पाऊस पडून जाऊ द्या. पाणी कुठून वाहतं ते चुन्याने आखा. आर्किटेक्टला पुन्हा बोलवायचं ते त्यानंतर, आणि बैठक जागेवरच घ्या.